कमळाकरची गोदावरी

विचुंब्याच्या जत्रेत पंचवीस वर्षं गोदावरी एकच होती, आणि तिचं नाव कमळाकर भोईर.

दिवसा हा माणूस उलव्याच्या बांधकामांना रेती, खडी आणि विटा पुरवायचा. डंपरवाल्यांवर त्याचा आवाज चढला की पलीकडच्या टपरीवर चहा पिणारे माना वळवायचे. घरात तो थोडं बोलायचा आणि जास्त मागायचा. पाणी दे, टॉवेल दे, चहा कुठं राहिला. पण चैत्रात गावदेवीची जत्रा जवळ आली की त्याची मिशी उतरायची, आणि मिशीबरोबर आणखी बरंच काही. चाल मऊ व्हायची. मान खाली जायची. हात बोलायला लागायचे.

नाटक गावचंच होतं. शाळेतले कृष्णकांत गुरुजी केव्हाचे वारले, पण त्यांनी लिहिलेलं ‘चुडा गोदावरीचा’ दरवर्षी उभं राहायचं. गोदावरी ही सोशिक सून. नवरा सर्जेराव कुणाच्या तरी चहाडीवरून तिच्यावर संशय घेतो आणि भरल्या घरातून तिला हाकलतो. ती उंबऱ्यावर त्याचे पाय धरते, म्हणते, “नाथ, मला झिडकारा, पण या पायांपासून दूर करू नका. या उंबऱ्याबाहेर गोदावरी जाणार नाही, जाईल ते तिचं मढं!” या वाक्याला बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि पुरुष उगाच खाकरायचे. जत्रा उलटून महिना झाला तरी लोक कमळाकरला हाक मारायचे, “काय गोदावरी, कुठं निघाली?” तो वरवर शिवी द्यायचा, पण ती हाक ऐकली की त्याचा दिवस बरा जायचा.

घरी पाठांतराला समोर त्याची बायको रंभा असायची. भाकरी थापता थापता ती सर्जेरावाची वाक्यं म्हणायची. “चालती हो माझ्या घरातून!” असं दरवर्षी कितीतरी वेळा तिने नवऱ्याला सुनावलं होतं, आणि नवऱ्याने चुलीशेजारी बसून तिच्यापुढे हात जोडले होते. नाटक संपलं, मिशी वाढली, की पुन्हा पाणी दे आणि टॉवेल दे.

गेल्या वर्षी मात्र गोष्ट बिघडली. गावाच्या चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत, तिथली माणसंही आता जत्रेला येतात. त्यांतल्या कुणीतरी कमळाकरच्या रडण्याचा व्हिडिओ काढला, त्यावर एक चावट गाणं चढवलं आणि पनवेलभर फिरवला. त्याच्या खाली लोकांनी काय काय लिहिलं ते कमळाकरने एकदाच वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

म्हणून यंदा त्याचा पुतण्या परेश नाटक मंडळाच्या दोघातिघांना घेऊन घरी आला. परेश पनवेलच्या कॉलेजात एकांकिका करायचा, आता गावचं नाटक बसवायची जबाबदारी त्याच्यावर होती.

“काका, टाइम बदललाय,” तो म्हणाला. “गोदावरी बाईनेच केली पाहिजे. तुमच्यावर कोणी हसलेलं मला सहन होत नाही.”

“गाव कदी हसलं नाय.”

“गाव नाही हसलं. पण आता समोर फक्त गाव नसतं. तुम्ही सासऱ्याचं काम करा ना. भारदस्त आहे. मिशी पण काढावी लागणार नाही.”

मंडळातले जुने पेटीवाले दिनानाथ म्हणाले, “पन बाई आनायची कुठनं? बाहेरची बाई गावदेवीच्या नाटकात? मला नाय पटत.”

कमळाकरच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कुणाला तरी बोचेल असं काहीतरी त्याला बोलायचं होतं. स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट करून तो म्हणाला, “बाईच पायजे ना? मग हिला घ्या! बाई हाय, गावातली हाय, पाठ बी हाय. हिचं नाचनं बघा आन् काढा व्हिडिओ!”

दिनानाथ हसले. कमळाकर स्वतःही हसला. परेश मात्र हसला नाही. त्याने दाराकडे पाहिलं. रंभा कणकेचा हात तसाच घेऊन उभी होती.

“काकी, कराल?”

ती नाही म्हणेल याबद्दल कमळाकरला शंकाच नव्हती.

“घेतलं तर करीन,” रंभा म्हणाली आणि आत गेली.

सासऱ्याचं काम कमळाकरने घेतलं नाही. “मी विंगेत उभा राहून वाक्यं देईन,” असं त्याने जाहीर केलं. सगळ्यांना तो मनाचा मोठेपणा वाटला. खरं म्हणजे त्याला गोदावरीच्या शक्य तितक्या जवळ राहायचं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या अंगावर ती कशी दिसते हे सगळ्यात आधी पाहायचं होतं.

परेशच्या सांगण्यावरून त्याने रंभाला शिकवायला घेतलं. गच्चीवर संध्याकाळचा उजेड असेपर्यंत तालीम चालायची. खाली नव्या इमारतीचा मिक्सर घरघरत असायचा.

“खांदा पाड. मान खाली. पाऊल उचलू नको, सरकव. बाईमानूस असं चालत नाय.”

रंभा थांबली. “मग मी इतकी वर्सं कशी चालते?”

“तू घाईत चालतेस. पान्याला निघाल्यासारकी.”

“पान्यालाच निघालेली असते.”

तो चिडला. कमरेला टॉवेल गुंडाळून, त्याचंच टोक पदरासारखं डोक्यावर घेऊन त्याने गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. वाढलेली मिशी, उघडी छाती, तरी चालत गेली ती गोदावरीच. वळून त्याने नजर जमिनीवरून हळूच वर आणली, आणि त्याला दिसलं की रंभा त्याच्याकडे भलत्याच नजरेने बघतेय. त्यात कौतुक नव्हतं. काय होतं ते त्याला कळलं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

“कळलं?”

“कळलं. तुमची बाई लई गोड हाय,” रंभा म्हणाली. “पन मला सांगा, असं कोन बोलते? त्याने उगाच संशय घेतला, भर घरात तिला बोलला, आन् ही त्याचे पाय धरते. एकदा तरी राग यील की नाय?”

“गुरुजींनी लिवलंय ते म्हन.”

“गुरुजींना कुनी घरातनं काढलं होतं?”

“तू गुरुजींच्या वर शानी झालीस?” तो ओरडला, आणि तालीम तिथेच संपली.

पण ती शिकत गेली. त्याची चाल तिने घेतली नाही. मान मात्र अशी काही वळवायला लागली की मंडपातल्या तालमीत दिनानाथांची बोटं पेटीवर थबकली. “कमळाकर, बायको हुशार निघाली रं तुझी,” ते म्हणाले. कमळाकरने मान डोलावली. त्या दिवसापासून तो तिच्या चुकाच वेचायला लागला. इथे पट्टी उतरली, तिथे हात कडक पडला. चूक सापडली की त्याला बरं वाटायचं, आणि सापडली नाही तर जेवण जायचं नाही. एकदा बाजारात भाजी घेताना मागून हाक आली, “ओ गोदावरी!” तो सवयीने वळला. हाक रंभासाठी होती. तिच्या ओळखीची कोणीतरी बाई हसत हसत तिच्याकडेच येत होती. कमळाकर हातातली कोथिंबिरीची जुडी उगाच उलटसुलट करत उभा राहिला.

गोदावरीची जांभळी साडी त्याच्या पेटीत होती. दरवर्षी तोच ती उन्हात घालायचा, तोच घडी करायचा. रंभाने मागितली तेव्हा तो म्हणाला, “कसर लागली तिला. फाटली.”

रंभाने माहेरी फोन करून आईचं हिरवं लुगडं मागवून घेतलं. त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

जत्रेचा दिवस उजाडला. दहानंतर भोंगे बंद करावे लागतात म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू झालं. मंडप खच्चून भरला होता. पुढे गावातल्या म्हाताऱ्या, मागे टॉवरमधली कुटुंबं, कडेला मोबाइल उंच धरलेली पोरं. विंगेत हातात संहिता घेऊन कमळाकर उभा होता. खरं तर त्याला संहितेची गरज नव्हती.

पहिला अंक बरा गेला. नवऱ्याला वाढताना गोदावरी विचारते, “जेवलात ना पोटभर?” तिथे रंभाने असं काही विचारलं की मागच्या टॉवरवाल्या बायकाही गप्प झाल्या. कुणी हसलं नाही. एका पोराने मोबाइल खाली घेतला. कमळाकरने ते सगळं पाहिलं. आपल्यावर हसलेले हेच लोक होते. त्याच्या छातीत जे पेटलं त्याला राग म्हणावं तर राग नव्हता, दुःख म्हणावं तर दुःख नव्हतं. आपलं ताट दुसऱ्याच्या पुढे सरकवलेलं पाहताना उपाशी माणसाला जे होतं, ते होतं.

मग उंबऱ्याचा प्रवेश आला. सर्जेराव झालेला मिथुन, एरवी नवीन पनवेलला मोबाइल दुरुस्त करणारा, डोळे गरगर फिरवत ओरडला, “चालती हो माझ्या घरातून!”

रंभा उभी होती. वाक्य तिचं होतं.

ती बोलली नाही.

आधी लोकांना वाटलं हा अभिनयच. मग कमळाकरला तिच्या गळ्याची शीर दिसली, आणि त्याला कळलं, ही विसरली. इतकी वर्षं स्वयंपाकघरात समोरून ऐकलेलं वाक्य नेमकं आता तिच्या हातून सुटलं. तिने नजर किंचित फिरवून विंगेकडे पाहिलं.

दोन शब्द पुरले असते. “नाथ, मला…” ते त्याच्या जिभेवर होते. ओठ उघडायचाच अवकाश होता. आणि त्याच वेळी त्याच्या मनात आलं, आता कळेल. आता गावाला आठवेल गोदावरी कोण होती ते.

त्याने ओठ मिटले.

रंभाने ते पाहिलं. तो चार हातांवर होता, आणि त्याच्या तोंडावर दिव्याचा उजेड पडला होता. तिने नजर काढून घेतली. ती सर्जेरावाच्या पायांशी वाकली नाही. पदर खांद्यावर सारखा केला, जसा ती घरात करायची, आणि घरातल्याच आवाजात म्हणाली,

“मी काय केलं ते तरी सांगा.”

मिथुनच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानेही विंगेकडे पाहिलं, पण गुरुजींनीच उत्तर लिहिलेलं नव्हतं तर कमळाकर कुठून देणार?

“सांगा ना. कोन काय बोललं तुमाला? मला इचारलं तुमी एकदा तरी?”

पुढच्या रांगेतून म्हाताऱ्या सखूबाईंचा थरथरता आवाज आला, “आरं सांग की मेल्या! इचारते ना ती!”

कुणी हसलं नाही. मिथुनने घाम पुसला आणि जवळ होतं तेच एक वाक्य पुन्हा म्हटलं, “चालती हो!” पण या वेळी ते इतकं मेंगळट निघालं की त्यालाच लाज वाटली.

“जाते,” रंभा म्हणाली. कमळाकर उभा होता त्या विंगेत ती आली नाही. पलीकडच्या विंगेतून बाहेर गेली.

टाळ्या आल्या, आधी बायकांच्या, मग सगळ्यांच्या. कमळाकर संहितेवर डोळे लावून उभा होता आणि अक्षरं दिसत नव्हती. पंचवीस वर्षं त्याला त्या घरातून हाकललं होतं. पंचवीस वर्षं तो रडला होता, लोळला होता, त्याने पाय धरले होते. मी काय केलं, हे विचारावं असं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. आता त्याला रंभाचा नाही, त्या वाक्याचाच हेवा वाटला. ते आपल्याला का सापडलं नाही?

बाकीचं नाटक ठरल्याप्रमाणे झालं. पडदा पडल्यावर बायकांनी रंभाला गराडा घातला. कमळाकर एकटाच घरी गेला, आणि ती आल्याचं ऐकू आलं तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी मंडप उतरवायला सगळे जमले. पोरं वायरी गुंडाळत होती, परेश मंडपाच्या फळ्या मोजून टेम्पोत टाकत होता. दिनानाथ खुर्चीवर बसून कुरकुरत होते.

“टाळ्या पडल्या, खरं हाय. पन गुरुजींचं वाक्य खाल्लं बाईनं. आमच्या कमळाकरनं इतक्या वर्सांत एक अक्षर गिळलं नाय. बाई ती बाई. ऐन वक्ताला इसरली.”

दोन महिने कमळाकर हेच ऐकायला आसुसला होता. आता ते समोर आलं तर ऐकवेना. तो वायरीचं वेटोळं हातात घेऊन उभा राहिला.

“इसरली,” तो म्हणाला. “पन वाक्य द्यायला मी होतो. मी दिलं नाय.”

“आवाज पोचला नसंल तुझा.”

“आवाज काढलाच नाय. तिनं बघितलं माझ्याकडं, आन् मी गप राहिलो.”

वायरी गुंडाळणारी पोरं थांबली. परेश टेम्पोवरून खाली उतरला. “काका? का पण?”

“बघवत नव्हतं मला,” कमळाकर म्हणाला. एवढं बोलायला त्याला पंचवीस वर्षांतल्या सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त दम लागला. दिनानाथांनी तोंड फिरवलं. त्याने वेटोळं टेम्पोत ठेवलं आणि तो घराकडे चालू लागला.

रंभा ओटीवर बसली होती. आदल्या दिवशीचा रंग कानशिलाजवळ अजून थोडा राहिला होता.

“सांगून आलो सगळ्यांना,” तो म्हणाला.

“काय?”

“मी वाक्य दिलं नाय ते.”

“त्यांना सांगितलं बरं केलं. मला ते म्हायतीच होतं.” मग ती म्हणाली, “साडीचं पन. तुमच्या त्या जांभळीला कसर लागली नाय. मी पेटी उघडून बघितली होती.”

तो भिंतीला टेकून खाली बसला. “शिव्या दे. हक्क हाय तुझा.”

“शिव्या कशाला देऊ? दोन महिने जळलात तुमी, मी बघत होते. मला वळख हाय त्या जळन्याची. मी पंचवीस वर्सं जळले.”

“कोनावर?”

“तुमच्या गोदावरीवर.”

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा तसा नव्हता.

“हसू नका. लगीन होऊन आले, पयल्याच जत्रेला तुमाला तिच्यात बघितलं. समदे म्हनाले, रंभा, नवरा तुझ्याहून देखना दिसतो लुगड्यात. ते मी हसून घेतलं. पन ती सर्जेरावाला इचारायची ना, जेवलात ना पोटभर, तवा मला बघवायचं नाय. गळा तुमचाच. त्याच गळ्यातनं मला नुसतं पानी दे, टॉवेल दे. मला वाटायचं, हा मानूस असा बोलू शकतो, मग माझ्याशी का नाय बोलत? माझी सवतच होती ती. मीच भाकरी थापता थापता तिला पाठांतर करवत होते.”

आपल्याला मऊ बोलता येतं ते साडी नेसल्यावरच, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही पडताळून पाहिलं नव्हतं.

“एकदा तसं इचारा मला,” रंभा म्हणाली. “तिच्या आवाजात.”

“आता? असाच?”

“असाच.”

तो खाकरला. पहिल्यांदा जो आवाज आला तो डंपरवाल्यांवर ओरडणारा होता. रंभाने मान हलवली. दुसऱ्यांदा आवाज पार चिरकला. हजार माणसांपुढे न अडखळणारा माणूस स्वतःच्या ओटीवर दोन शब्दांशी झटत होता. मग त्याने तिच्याकडे बघायचं सोडून दिलं आणि जमिनीकडे बघत, हळू, स्वतःच्याच पण न वापरलेल्या आवाजात विचारलं,

“जेवलीस का गं?”

“नाय,” रंभा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ती उठली नाही. “वाढा.”

तो स्वयंपाकघरात गेला. ताट सापडलं, वाटी सापडायला वेळ लागला. बोंबलाचं कालवण होतं, भात होता. सगळं ओटीवर आणून भात वाढताना अर्धा जमिनीवर सांडला. तिने बसल्या जागी ताट मांडीवर घेतलं आणि पहिला घास घेतला तोच तिचा फोन वाजला. परेश होता. टॉवरमधल्या बायकांच्या मंडळाला कालचा उंबऱ्याचा प्रवेश त्यांच्या कार्यक्रमात हवा होता, कालच्यासारखाच, कालच्याच वाक्यासकट.

“बघते,” म्हणून तिने फोन ठेवला आणि कमळाकरकडे पाहिलं.

त्याचं जळणं पुन्हा जागं झालं. गेलं नव्हतं ते, जायला अजून बराच वेळ लागणार होता. त्याने पळी पातेल्यात ठेवली.

“जा तू,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पन मी यीन का बघायला, ते नाय सांगता येत. इतक्यात तरी नाय.”

“नका येऊ,” रंभा म्हणाली आणि भात कालवायला लागली. “अजून थोडं कालवण घाला.”